साचा एक, होड्या अनेक

धक्क्याला शेजारी शेजारी बांधलेल्या इलेक्ट्रा आणि एन्साइन या शिडाच्या होड्या पाहिल्या, तर या दोघी सख्ख्या बहिणी आहेत हे कोणाच्या लक्षातही येणार नाही. इलेक्ट्राच्या पाठीवर लांब केबिन, आत आडवे व्हायची सोय आणि मागे बसायला बेताची जागा. एन्साइनचे उलट. केबिन नावापुरती आणि बाकीची जागा मोकळ्या कॉकपिटला दिलेली, शर्यतीत तीन-चार जणांना दोऱ्या ओढायला सोयीची पडेल अशी. आता दोघींना पाण्याबाहेर काढून खालून पाहा. लांबी तीच, २२.५ फूट. रुंदी तीच, ७ फूट. दोघी पाण्याखाली ३ फूटच जातात, तळाचे वळण एकच आणि सुकाणूही त्याच जागी. अमेरिकेतल्या पिअर्सन कंपनीने एकाच धडावर, म्हणजे होडीच्या खालच्या अंगावर, या दोन होड्या उभ्या केल्या होत्या.

दोन्हींचा आराखडा कार्ल अल्बर्ग यांचा. इलेक्ट्रा १९६० ची, छोट्या होडीतून खुल्या समुद्रावर शर्यत करू पाहणाऱ्यांसाठी. एन्साइन १९६२ ची, सकाळी निघून संध्याकाळी परतणाऱ्यांसाठी. एन्साइन इतकी चालली की १९८३ पर्यंत पावणेदोन हजारांच्या आसपास होड्या बनल्या. अल्बर्ग आणि पिअर्सन या जोडीने हा प्रयोग पुन्हा एकदा केला: एरियल ही लांब केबिनची होडी आणि तिच्याच धडावर लांब कॉकपिटची कमांडर.

फायबरग्लासच्या जुन्या शर्यती होड्यांची अशी कुळे फार आहेत आणि ती पाहताना माणूस हमखास गोंधळतो. कुठे नाव एक आणि होड्या दोन, कुठे नावे दोन आणि होडी एक. माझ्या मते या गुंत्याची किल्ली एकच आहे. साच्याने कोणती गोष्ट कायमची ठरवून टाकली आणि साच्याबाहेर काय बदलता येत होते, हे आधी वेगळे करायचे. मग प्रत्येक बदलाला विचारायचे: तू कोणासाठी? वाऱ्यासाठी, माणसांसाठी, की शर्यतीच्या मोजमापाच्या नियमासाठी?

साच्यापासून सुरुवात करू. फायबरग्लासची होडी करताना आधी लाकूड वगैरे वापरून तिच्या धडाचा हुबेहूब नमुना तयार करतात. त्याचा पृष्ठभाग घासून आरशासारखा करतात आणि त्यावरून पोकळ साचा काढतात. पुढची प्रत्येक होडी या साच्याच्या आत जन्मते. सर्वांत आधी जेलकोटचा गुळगुळीत थर, त्यावर काचतंतूंचे कापड आणि रेझिन (वाळून घट्ट होणारा चिकट द्रव), पुन्हा कापड, पुन्हा रेझिन. सगळे घट्ट झाले की धड उचलून बाहेर काढायचे. खर्च आणि मेहनत यांचा मोठा वाटा नमुना आणि साच्यात जातो, त्यामुळे एका साच्यातून जितक्या होड्या निघतील तितक्या कारखान्याला हव्याच असतात. लाकडी होडी बांधणारा कारागीर पुढच्या होडीची नाळ (पुढचे टोक) चार बोटे उंच करू शके. फायबरग्लासवाल्याला ती मोकळीक नाही. पाच वर्षांनी आराखडाकाराला काही नवे सुचले, तर ते साच्याने न बांधलेल्या भागांतच उतरते: वेगळ्या साच्यात बनणारा डेक (होडीची वरची पाठ), सुकाणू, डोलकाठी, शिडे, तळाचे वजन. कील, म्हणजे होडीच्या पोटाखालचा उभा पंख, धडाबरोबरच साच्यात ओतलेली असेल तर तीही गोठते. खालून बोल्टने जोडायची असेल तर मात्र तीही बदलता येते.

धडाबरोबर कायमची ठरणारी सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे वेगाची मर्यादा. पाणी कापत जाणारी होडी स्वतःच लाट उठवते. वेग वाढतो तशी ही लाट लांबत जाते. लाटेची लांबी होडीच्या पाण्यातल्या लांबीइतकी झाली की होडी आपल्याच दोन उंचवट्यांमध्ये अडकते, आणि पुढे वेग वाढवायला भलतीच ताकद लागते. त्याचा ढोबळ हिशेब असा: पाण्याच्या रेषेवरची लांबी फुटांत घ्या, तिचे वर्गमूळ काढा, १.३४ ने गुणा. उत्तर नॉटमध्ये येते. एन्साइनची ही लांबी १६.७५ फूट, म्हणजे मर्यादा साडेपाच नॉटच्या जवळ, ताशी सुमारे दहा किलोमीटर. इलेक्ट्राचीही तीच. वर केबिन असो की कॉकपिट, ही मर्यादा डेक बदलून हलत नाही.

२२.५ फुटांच्या होडीची पाण्यातली लांबी १६.७५ फूटच का? कारण तिची दोन्ही टोके पाण्यावर तिरकी लोंबतात. त्या काळच्या अमेरिकी शर्यतींत क्रूझिंग क्लब ऑफ अमेरिकाचा नियम चाले आणि त्यात होडी सरळ उभी असतानाची पाण्यातली लांबी महत्त्वाची होती: ती जितकी कमी, तितकी शर्यतीत वेळेची सूट जास्त. वाऱ्याने होडी कलली की लोंबणाऱ्या टोकांचा काही भाग पाण्याला टेकतो आणि चालती लांबी वाढते. मोजताना आखूड, धावताना लांब! १९७० च्या सुमारास आलेल्या आयओआर या आंतरराष्ट्रीय नियमाने ही सवय मोडली आणि स्वतःच्या नव्या सवयी लावल्या. त्यात धडाची मापे ठरावीक जागी घेत, म्हणून त्या जागी फुगवटे आणि पुढे-मागे चिमटलेली टोके असे आकार आले, तसेच अरुंद मुख्य शीड आणि डोलकाठीच्या पुढे भलेमोठे जिब शीड. जुन्या होडीचा आकार विचित्र वाटला तर आधी ती कोणत्या नियमाखाली जन्मली हे पाहावे. बरेचदा तिथेच उत्तर मिळते.

आता कील आणि सुकाणू. सगळ्यात मोठे वळण इथेच आले, म्हणून इथे थोडे थांबू.

वारा शिडाला पुढे ढकलतो तसाच बाजूलाही ढकलतो. बाजूच्या त्या ढकलण्याला पाण्याखाली कील अडवते. होडी किंचित तिरकी सरकत असते, त्यामुळे कीलवर पाणी थोड्या कोनात येते आणि विमानाच्या पंखावर उचल निर्माण व्हावी तशी इथे आडवी ताकद निर्माण होते. पंखांबद्दल एक पक्का नियम आहे: क्षेत्रफळ तेवढेच ठेवून पंख लांब आणि अरुंद केला, तर तेवढीच ताकद कमी अडथळ्यात मिळते. ग्लायडरचे पंख त्यासाठीच लांब आणि निमुळते असतात. होडीच्या बाबतीत याचा अर्थ खोल आणि अरुंद कील. अल्बर्ग यांच्या होड्यांची कील याच्या उलट, तळाच्या मोठ्या भागावर पसरलेली, उथळ आणि लांब. तिच्या मागच्या कडेलाच सुकाणू टांगलेले. अशी होडी आपली दिशा स्वतःच धरून ठेवते आणि तळ कुठे टेकला तरी निभावते. पण पाण्याला घासणारा पृष्ठभाग मोठा असल्याने मंद वाऱ्यात ती जड चालते. शिवाय ज्या बिंदूभोवती होडी वळते त्याच्या जवळच सुकाणू असल्यामुळे तरफ आखूड पडते आणि वळायला सुकाणू फार फिरवावे लागते.

कॅलिफोर्नियातले आराखडाकार बिल लॅपवर्थ यांनी १९६३ च्या कॅल-४० या होडीत हे सगळे उलटे केले. कील आखूड आणि पंखासारखी. सुकाणू तिच्यापासून तोडून थेट मागच्या टोकाजवळ, वरून खाली लोंबणारे, कशाचाही आधार नसलेले. तळ चपटासा. जवळजवळ ४० फुटी होडीचे वजन १५,००० पौंड, म्हणजे पावणेसात टनांच्या आसपास. त्या काळच्या समुद्री शर्यतीच्या होडीसाठी हे हलके होते, आणि कारखान्यात ओळीने बनणाऱ्या होडीत असे धाडस नवेच होते. मागून वारा आणि लाट आली की ती लाटेवर घसरत सुटे. मघाची वेगमर्यादा मोडायचा हाच रस्ता: होडी पुरेशी हलकी आणि चपटी असेल तर ती आपल्या लाटेत अडकून न राहता तिच्यावर चढते. मागे लांब तरफेवर बसलेले सुकाणू त्या घसरणीतही होडीला ताब्यात ठेवी. लॉस एंजेलिस ते होनोलुलू या ट्रान्सपॅक शर्यतीत १९६५, १९६७ आणि १९६९ अशा लागोपाठ तीन वेळा कॅल-४० च अव्वल ठरली, आणि १९६६ ची बर्म्युडा शर्यतही तिनेच जिंकली. किंमत मोजावी लागली ती समोरून येणाऱ्या लाटांत. चपटे पोट लाटेवर आदळते, आणि एकट्या दांड्यावर लोंबणारे सुकाणू आघाताला उघडे असते.

या दोन टोकांच्या मधली वाट इंग्लंडमधल्या काँटेसा होड्यांत दिसते. काँटेसा-२६ ची कील लांब, सुकाणू मागच्या फळीवर टांगलेले पण खाली कीलला जुळलेले. १९७१ ची काँटेसा-३२ त्याच घरातली, पण तिची कील पंखासारखी, आणि वेगळ्या झालेल्या सुकाणूच्या पुढे एक छोटा स्थिर पंख आधाराला दिलेला. सुकाणूला तरफ मिळते, वर आघात झेलायला सोबतही मिळते. १९७९ च्या फास्टनेट शर्यतीत वादळाने हाहाकार केला, तेव्हा सर्वांत लहान होड्यांच्या गटातून शर्यत पूर्ण करणारी एकमेव होडी काँटेसा-३२ होती. मला हा मधला मार्ग सर्वांत समंजस वाटतो. निव्वळ वेग हवा असलेल्यांना तो पटणार नाही, हे मान्य.

कीलचे पर्याय एकाच मॉडेलमध्येही मिळतात. कॅटलिना-२२ हे ठळक उदाहरण. एक प्रकार वर उचलता येणाऱ्या लोखंडी कीलचा: वर घेतली की पाण्यात २ फूट, सोडली की ५ फूट. दुसरा साडेतीन फुटांवर कायम बसवलेल्या कीलचा. दोन्ही कॅटलिना-२२ च. पण पहिलीत ट्रेलरवर चढवण्याची सोय मिळते आणि तिच्याबरोबर बिजागर, तार आणि फट यांची देखभालही येते. दुसरीत हलणारे काहीच नसते, आणि मोबदल्यात उथळ किनारा सोडावा लागतो.

शिडांकडे वळू. एकाच धडाच्या उंच डोलकाठीच्या आवृत्त्या बऱ्याच कंपन्यांनी विकल्या. मंद वाऱ्याच्या प्रदेशात जास्तीचे शीड वरदान. पण उंचीवरचे शीड होडीला जास्त जोराने कलवते आणि काठीचे वजनही वर जाते, म्हणून जोरदार वाऱ्यात तीच होडी लवकर शीड आवरायला लावते. वेगवेगळ्या होड्यांची शर्यत बरोबरीची व्हावी म्हणून गुणांकन ठरवणारे अशा आवृत्त्यांना बरेचदा मैलामागे सवलतीचे वेगवेगळे सेकंद देतात, ते रास्तच आहे.

शीड बदलताना किती विचार लागतो हे पाहायचे असेल तर लेझर पाहावी. ब्रूस कर्बी यांची ही एका माणसाची होडी १९७१ मध्ये बाजारात आली. धड ४.२ मीटरचे, वजन साठ किलोच्या आत. आज ती आयएलसीए (तिच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचे नाव) ७, ६ आणि ४ अशा तीन रूपांत चालते, आणि तिन्हींचे धड, सुकाणू, खालचा पंख अगदी एक. फरक शिडाचा: अनुक्रमे ७.०६, ५.७६ आणि ४.७ चौरस मीटर. काठी दोन तुकड्यांची आहे. वरचा तुकडा सगळ्यांना तोच, बदलतो फक्त खालचा. ७ नंबरची होडी १९९६ पासून ऑलिंपिकमध्ये आहे, आणि ६ नंबरची २००८ पासून महिलांसाठी.

खरी अक्कल ४ नंबरच्या काठीत आहे. शीड लहान केले की नुसती ताकद कमी होत नाही. शिडावरच्या वाऱ्याचा जोर ज्या एका बिंदूवर एकवटतो, तो बिंदू खाली आणि पुढे सरकतो. पाण्यातला पंख मात्र जागच्या जागी. वरचा जोर पुढे आणि खालचा अडथळा मागे, अशी फारकत झाली की होडीची नाळ वाऱ्यापासून दूर वळू लागते आणि चालवणाऱ्याला सतत सुकाणूशी झगडावे लागते. ही होडी हलक्या अंगाच्या, बहुतेक वेळा शाळकरी वयाच्या खेळाडूंसाठी, आणि त्यांच्या हाती बेभरवशाचे सुकाणू देणे बरे नव्हे. उपाय असा: खालचा तुकडा सरळ न ठेवता मुद्दाम मागे वाकवलेला. त्याने सगळे शीड मागे झुकते, जोराचा बिंदू पुन्हा पंखाच्या माथ्यावर येतो, आणि धडाला हातही लावावा लागत नाही. एका नळीच्या बाकाने एवढे काम व्हावे, याचे मला फार कौतुक वाटते.

धडच लहान करायचे ठरवले तर? नॉर्वेच्या यान हर्मन लिंगे यांची सोलिंग १९७२ ते २००० ऑलिंपिकमध्ये होती. तिचीच धाकटी बहीण इंगलिंग २००४ आणि २००८ मध्ये महिलांसाठी होती. दोघींत तीन जण बसतात, दोघींची ठेवण सारखी. सोलिंग ८.१५ मीटर लांब, वजन सुमारे १०३५ किलो. इंगलिंग ६.३५ मीटर, सुमारे ६४५ किलो. लांबीचे गुणोत्तर १.२८. आता गणित करून पाहा. इंगलिंगला सगळ्या बाजूंनी १.२८ पट फुगवली असती, तर वजन लांबीच्या घनाप्रमाणे वाढून साडेतेराशे किलोंच्या घरात गेले असते. प्रत्यक्षात सोलिंग त्याहून तीनशे किलोंहून अधिक हलकी आहे. म्हणजे मोठीची फोटोप्रत लहान करून धाकटी झालेली नाही.

असे का करावे लागते? लांबी वाढते तसे शिडाचे क्षेत्रफळ वर्गाप्रमाणे वाढते, वजन घनाप्रमाणे, आणि होडीला सरळ ठेवणारा जोर त्याहूनही वेगाने, चौथ्या घाताप्रमाणे. होडी लहान केली की सरळ राहण्याची ताकद सर्वांत झपाट्याने घटते, म्हणून धाकटीला तिच्या मानाने जड ठेवावे लागते. शिवाय माणसे तेवढीच राहतात. तीन खेळाडूंचे दोनेकशे किलो सोलिंगमध्ये होडीच्या वजनाचा पाचवा हिस्सा, इंगलिंगमध्ये जवळजवळ तिसरा. धाकटीत कोण कुठे बसले आहे याला फार महत्त्व येते.

डोळ्यांना न दिसणारा फरकही असतो: वजन कुठे आहे याचा. सुरुवातीच्या फायबरग्लास होड्या जाड बनत, हाताने थर देताना वजन थोडे इकडे-तिकडे होई, आणि पुढे हुशार बांधणाऱ्यांनी यातूनच फायदा काढला. टोके हलकी ठेवायची आणि मधे भरीव वजन घालून एकूण आकडा नियमात बसवायचा. अशी होडी लाटेवर कमी डुलते. १९४९ च्या फिन या तेव्हाच्या ऑलिंपिक होडीत हा प्रकार इतका वाढला की तिथे लॅम्बोली चाचणी आली, फ्रान्सच्या जिल्बेर लॅम्बोली यांच्या नावाची. होडी टांगून झुलवायची आणि झोक्याचा वेळ मोजायचा. वजन मधे एकवटले असेल तर झोका लवकर होतो. दोन होड्या वजनकाट्यावर सारख्या भरल्या तरी इथे त्यांचा फरक उघड होतो.

नावांबद्दल थोडक्यात सावध करतो. कॅल-२५ आणि कॅल २-२५ हे दोन वेगळे आराखडे आहेत, दोन्ही लॅपवर्थ यांचेच. पुढचा २ म्हणजे त्याच लांबीवरचा दुसरा प्रयत्न. ४२० आणि ४७० या दोन जणांच्या होड्या भावंडे वाटतात, पण पहिली क्रिस्तियां मोरी यांची, दुसरी आंद्रे कोर्नू यांची, आणि आकडे केवळ सेंटिमीटरमधल्या लांबीचे.

शेवटी ज्या कुळात हे सगळे एकत्र दिसते ते सांगतो. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात स्कँडिनेव्हियात फोकबोट ही लाकडी होडी तयार झाली, फळीवर फळी चढवून बांधलेली, ७.६८ मीटर लांब. फायबरग्लास आल्यावर तिच्या तीन दिशा झाल्या. इंग्लंडमध्ये तिच्यावरूनच काँटेसा-२६ आकाराला आली, पुढचे शीड काठीच्या टोकापर्यंत नेणारी. स्वीडनमधल्या मारिएहोल्म कारखान्यात गुळगुळीत अंगाची इंटरनॅशनल फोकबोट बनली, पुढचे शीड काठीच्या टोकाच्या बरेच खाली बांधलेली. त्याच कारखान्याने पुढे तिच्याच धडावर मोठी केबिन आणि टोकापर्यंतचे शीड देऊन मारिएहोल्म-२६ काढली, म्हणजे इलेक्ट्रा-एन्साइनचाच डाव उलट्या दिशेने खेळला.

तिसरी दिशा मला सर्वांत जवळची. मूळ नॉर्डिक फोकबोटच्या संघटनेने १९७० च्या दशकात फायबरग्लासला परवानगी दिली, पण एका अटीवर: नव्या होडीने जुन्या लाकडी होडीपेक्षा वेगवान असता कामा नये. फायबरग्लासची तेवढ्याच मजबुतीची होडी सहज हलकी करता आली असती, तरी वजन आणि त्याची मांडणी लाकडी होडीशी जुळवून घेतली गेली. फळीवर फळी चढल्याच्या आडव्या कडा फायबरग्लासमध्ये कुठल्याच कामाच्या नसतात, पण पाण्याच्या प्रवाहात फरक पडू नये म्हणून त्याही साच्यात जशाच्या तशा कोरल्या गेल्या. त्यामुळे लाकडी आणि फायबरग्लासच्या फोकबोटी आजही एकाच रेषेवरून, एकाच इशाऱ्यावर, एकमेकींना कसलीही सूट न देता सुटतात.